चाळीस लिटर मातीत एक कलिंगड

कलिंगडाचं मादी फूल पहिल्यांदा बघताना नजर फुलावर ठरतच नाही, ती खालच्या फळावर जाते. फूल उमलायच्या आधीपासून ते फळ तिथे असतं: बोराएवढं, हिरवं, अंगभर पांढरी मऊ लव. गोल फळाच्या वाणाचं हे बोर गोल असतं, लांबट वाणाचं लांबट. एप्रिलमध्ये आपण जे कापणार त्याचा आकार फेब्रुवारीतल्या त्या इवल्या गाठीत ठरून गेलेला असतो. तिच्या टोकाला पाच पाकळ्यांचं फिकट पिवळं फूल उजाडता उजाडता उघडतं आणि दुपार कलायच्या आत मिटतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उघडत नाही.

जे व्हायचं ते त्या थोड्या तासांतच व्हावं लागतं. नर फुलांवरचे हजारेक परागकण मादी फुलाच्या कुक्षीवर यावे लागतात, आणि तेही एका जागी पडून भागत नाही. कुक्षीचे तीन भाग असतात, तिन्हींवर पराग सारखे पसरायला हवेत. एखादा भाग कोरडा राहिला की त्या बाजूला बी धरत नाही, आणि बी धरलं नाही तिथे गर फुगत नाही. बाजारात एका अंगाने चेपलेलं, वाकडं कलिंगड दिसतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. मधमाशीच्या एका फेरीत हे काम होत नाही, सात-आठ फेऱ्या तरी लागतात. पराग पोचले नाहीत तर ती गाठ दोन-तीन दिवसांत पिवळी पडून वाळते. पोचले तर देठ खाली वाकतो आणि आठवड्याभरात त्या बोराची ओळख पटणार नाही इतकं ते वाढतं.

एवढं सगळं नाट्य गच्चीवरच्या एका पिशवीत घडू शकतं, याचं मला अजूनही नवल वाटतं. कलिंगड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नदीकाठची वाळू येते, नाहीतर भात निघाल्यावर कोकणातल्या शेतात लांबच लांब पसरलेले वेल. रायगड, रत्नागिरी, पालघर या जिल्ह्यांत खरिपाचं भात कापलं की त्याच जमिनीवर हे पीक घेतात. तिथे वेलाला पाय पसरायला जागा असते. आपल्याकडे असतो तो अंगणाचा कोपरा, नाहीतर कठड्यालगतची तीन हात जागा.

वसईजवळच्या गिरीज गावातल्या हिराडोंगरीवर दत्तमंदिरापाशी उभं राहून पाहिलं की कमी जागेत जास्त पिकवण्याचं वसईचं शास्त्र खाली मांडलेलं दिसतं. पश्चिमेच्या वाडीत वर नारळ, त्याच्या खाली केळी, केळीच्या सावलीत अळू, मोकळ्या जागी तोंडल्याचा नाहीतर पडवळाचा मांडव, बांधाला फुलझाडं. एकाच जमिनीवर चार मजले. पूर्वी याला पाणी रहाटाने मिळायचं, आणि विहिरी जिवंत राहायच्या त्या पावसाचं पाणी धरून ठेवणाऱ्या बावखलांमुळे. डोंगरीवरून दुसरीकडे मान वळवली की इमारती. 3 जुलै 2009 रोजी वसई-विरार महानगरपालिका झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून हा हिरवा पट्टा राखण्यासाठी इथल्या लोकांनी लढा दिला. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नाव त्या हरित वसईच्या चळवळीशी कायमचं जोडलेलं आहे. तरी जमीन वाटण्यांत लहान होत गेली. वाडीच्या जागी अंगण आलं, अंगणाच्या जागी गच्ची. वाडीचं शास्त्र मात्र गच्चीवरही चालतं: आडवं पसरायला जागा नसेल तर वर चढायचं. पडवळ, कारली, तोंडली मांडवावर चढतात, तसं कलिंगडही चढतं. त्यासाठी फळ लहान हवं, एवढंच.

आणि लहान कलिंगड कुठून आलं, ही गोष्ट वाळवंटातून सुरू होते.

लिबियातल्या सहारात सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या कलिंगडाच्या बिया सापडल्या. त्यांच्यातली जनुकं वाचल्यावर कळलं की ती फळं कडू होती. माणसं ती बहुधा बियांसाठी वाढवत. आजच्या गोड कलिंगडाचा सगळ्यात जवळचा रानटी नातेवाईक मात्र सुदानच्या कोर्दोफान भागात आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे दाखवून दिलं. त्या फळाचा गर पांढुरका असतो, कडू नसतो. इजिप्तमध्ये तर तुतनखामेनच्या थडग्यात कलिंगडाच्या बिया निघाल्या. याहून विलक्षण गोष्ट एका पानाची. इजिप्तमधल्या एका प्राचीन थडग्यात मिळालेलं कलिंगडाचं पान एकोणिसाव्या शतकात लंडनजवळच्या क्यू उद्यानात पाठवलं गेलं आणि तिथे जपून राहिलं. साडेतीन हजार वर्षं जुनं ते पान. आपल्या काळात त्यातली जनुकं वाचली गेली, आणि त्या वेलाच्या फळाचा गर कडू नव्हता, लाल होता, हे एका वाळक्या पानावरून समजलं. फळ खाणारे कधीच गेले, फळ गेलं, आणि त्याचा रंग पानाने सांभाळून ठेवला.

कोरड्या मुलखात या फळाचं मोल गोडीपेक्षा पाण्यासाठी अधिक होतं, असं अभ्यासकांना वाटतं. टणक सालीतलं हे पाणी सावलीत ठेवलं तर कित्येक आठवडे टिकतं. तीन किलोच्या कलिंगडात सुमारे पावणेतीन लिटर पाणी असतं. मुळांनी मातीतून थेंबाथेंबाने ओढलेलं, पेन्सिलीहून बारीक वेलातून चढलेलं. फळ धरल्यावर सुरुवातीच्या थोड्या दिवसांतच पेशींची संख्या वाढते. पुढची बरीचशी वाढ म्हणजे त्याच पेशी पाण्याने फुगत जाणं. त्या इतक्या फुगतात की पिकलेल्या फोडीवर उन्हात नीट पाहिलं तर त्यातल्या काही नुसत्या डोळ्यांनी दिसतात, लाल गरावर चमकणारे बारीक रवाळ ठिपके. एरवी पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. इथे ताटातली फोड पुरते.

माणसाने या फळाला दोन्ही दिशांनी ताणलं. 2013 मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीत 159 किलोचं कलिंगड पिकलं. पण आपल्या कामाचं संशोधन त्याच्या उलट्या टोकाला झालं, तेही अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू हॅम्पशायरच्या थंडीत. तिथला उन्हाळा इतका आखूड की मोठं कलिंगड पिकायच्या आतच गारठा येतो. अल्बर्ट यीगर या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथल्या विद्यापीठात लवकर पिकणारं, हातात मावणारं वाण काढलं. 1951 मध्ये त्या 'न्यू हॅम्पशायर मिजेट'ला अमेरिकेतला मानाचा बियाणे पुरस्कार मिळाला. 1959 मध्ये यीगर आणि एल्विन मीडर यांचं 'गोल्डन मिजेट' आलं. ते पिकलं की सालच सोनेरी पिवळी होते, त्यामुळे टकटक करून अंदाज घ्यायची गरजच उरत नाही. त्याच दशकात ओक्लाहोमात 'शुगर बेबी' तयार झालं: गर्द हिरवं, गोल, घरच्या फ्रीजमध्ये मावेल असं. ते भारतात आलं आणि इतकं रुळलं की आज आपल्याकडे बियाण्याच्या कुठल्याही दुकानात नावाने मागता येतं. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं 'अर्का माणिक' गोडीला उत्तम, पण फळ सहा किलोपर्यंत जातं. ते शेतातच शोभतं. गच्चीसाठी शुगर बेबी, किंवा त्याचाच आखूड वेलाचा 'बुश शुगर बेबी' प्रकार, किंवा बाजारात मिळणारी दोन-तीन किलोंच्या लहान फळांची संकरित वाणं.

लहान फळ लवकर पिकतं, याला वसईत फार अर्थ आहे. न्यू हॅम्पशायरला गारठ्याची घाई, आपल्याला पावसाची. डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत, थंडीचा कडाका ओसरू लागला की बी टोकायचं. सुमारे ऐंशी दिवसांत फळ हाती येतं, म्हणजे मार्च-एप्रिल. मे सरत आला आणि हवेत दमटपणा दाटला की पानांवर केवडा आणि भुरी येतात, आणि पहिल्या पावसाबरोबर फळं तडकतात. जूनपर्यंत वेल ठेवण्यात काही हशील नाही.

पिशवीचं बोलू. पंधरा इंच रुंद आणि तितक्याच उंच ग्रो बॅगेत साधारण चाळीस लिटर मिश्रण मावतं. एका वेलाला याहून कमी देऊ नये. शेतात कलिंगडाची मुळं चहूकडे दूरवर जातात. इथे त्यांना आपण एका पिशवीत थांबवतो, म्हणून जे द्यायचं ते त्या पिशवीतच असावं लागतं. माती, कोकोपीट आणि कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, थोडी वाळू. पाणी धरून ठेवेल आणि तरी तुंबणार नाही असं मिश्रण. ओली पिशवी चांगलीच जड होते, तेव्हा गच्चीवर ती भिंतीलगत, तुळईच्या वर ठेवलेली बरी. बी थेट पिशवीतच पेरावं. कलिंगडाच्या रोपाला मुळं हलवलेली मुळीच सोसत नाहीत. तीन बिया टोकून उगवल्यावर एकच जोमदार रोप ठेवावं, आणि दिवसाला सहा-आठ तास ऊन मिळेल अशीच जागा निवडावी. सावलीत वेल वाढेल, पण गोडी येणार नाही.

कारण गोडी पानात तयार होते. साखर पान बनवतं आणि वेलातून फळाकडे पाठवतं. लहान वाणाच्या एका फळामागेसुद्धा वीस-पंचवीस तरी निरोगी पानं हवीत. म्हणून पिशवीतल्या वेलावर एक फळ, फार तर दोन, बाकीची लहान असतानाच काढून टाकायची. हे जिवावर येतं. पण चार फळं ठेवली की चारही फिकी निघतात. त्याच पानांची तीच साखर चौघांत वाटली जाते. मुळाशी पहिल्यांदा धरलेलं फळही काढावं, तेव्हा वेलाकडे पुरेशी पानं नसतात. दहाव्या-बाराव्या पेराच्या पुढचं फळ ठेवावं.

या साखरेचा हिशेबही चकित करणारा आहे. लाल गराच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 6 ग्रॅम साखर असते. वसईच्या घरोघरच्या केळ्यात ती जवळजवळ दुप्पट, 12 ग्रॅमच्या आसपास. तरी उन्हातून आल्यावर खाल्लेलं कलिंगड केळ्याहून कमी गोड वाटत नाही. कलिंगडातल्या साखरेपैकी निम्म्याहून अधिक फ्रुक्टोज असतं, आणि ते आपल्या नेहमीच्या साखरेपेक्षा जिभेला जास्त गोड लागतं. थोड्या ऐवजात वेल एवढी गोडी देतो. लाल रंग लायकोपिनचा. ते टोमॅटोतही असतं, पण वजनाला वजन पाहिलं तर कच्च्या टोमॅटोपेक्षा कलिंगडात जास्त.

आता पुन्हा त्या सकाळच्या फुलाकडे. गिरीजच्या अंगणात माश्यांची वाण नाही. जवळपास वाडी आहे तोवर सातेरी येते, फुलोरी येते, आणि डासाएवढी, नांगी नसलेली पोया माशी तर पिवळ्या फुलांत शिरली की बाहेर यायला तयार नसते. इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मात्र माश्यांची खात्री नाही. तिथे हे काम आपण करायचं. वेलावर आधी नुसती नर फुलं येतात, सात-आठ दिवस. फुलं येतात आणि गळतात म्हणून घाबरू नये. मग मादी दिसू लागते, साधारण सात नरांमागे एक. मादी उमललेल्या सकाळी, आठाच्या आत, ताजं नर फूल खुडायचं, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा पराग मादीच्या कुक्षीवर हलकेच फिरवायचा. तिन्ही भागांवर. एका मादीला दोन-तीन नर फुलं वापरली तर उत्तम. पराग बोटाला पिवळी, चिकट भुकटी होऊन लागतो. कुक्षीवर ती भुकटी सगळीकडे दिसली की हात आवरता घ्यायचा. देठाला रंगीत दोरा सैलसा बांधून तारीख टिपून ठेवावी, कारण पुढचा सगळा हिशेब त्या सकाळपासून मोजायचा असतो.

फळ लिंबाएवढं झालं की फळमाशीची नजर त्यावर जाते. कोवळ्या सालीत ती अंडी घालते आणि फळ आतून सडतं. कागदाची किंवा बारीक जाळीची पिशवी चढवणं हा घरच्या बागेतला सगळ्यात खात्रीचा उपाय. शेजारीपाजारी मांडवावर कारली-पडवळ असतील तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला रक्षक सापळा क्यू-ल्युअरचं आमिष घालून टांगावा. नर माश्या त्यात येऊन पडतात. कोवळ्या पानांवरच्या तांबड्या भुंगेऱ्यांना सकाळी, ते सुस्त असतात तेव्हा, हातानेच टिपावं.

नारळाएवढं झालेलं फळ वेलाच्या भरवशावर सोडू नये. देठ चिवट असतो, पण वाऱ्याचा हिसका आणि वाढतं वजन त्याला फार काळ झेपत नाही. मऊ झालेल्या सुती साडीची पट्टी घेऊन झोळी करायची आणि तिची दोन्ही टोकं मांडवाच्या काठीला बांधायची, वेलाला कधीच नाही. झोळी सैल ठेवावी, कारण फळ अजून दुप्पट होणार असतं. कांद्याची जाळीदार पिशवीही चालते, आणि तिच्यातून वारा खेळतो.

पाण्याचं तंत्र वसईकरांना सांगायची गरज पडू नये, पण विहिरीच्या पाण्याचं सांगायलाच हवं. समुद्राजवळ उपसा वाढला की विहिरीत खारेपणा शिरतो, आणि कलिंगडाला खार फारसा मानवत नाही. पानांच्या कडा करपू लागल्या तर आधी पाणी चाखून पाहावं. पिशवीत हे क्षार साठतही जातात, मोठ्या वाडीत पावसाने धुऊन जातात तसे इथे जात नाहीत. बावखल ज्यांच्या वाडीत शाबूत आहे त्यांची विहीर गोडी राहते. बावखल बुजवताना हा विचार कुणी केला नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. उन्हाळ्यात पिशवीला रोज, आणि फळ फुगताना कधी दिवसातून दोनदा पाणी लागतं. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी भडाभडा, असं झालं की फळ चिरतं. पिकायच्या शेवटच्या आठवड्यात पाणी थोडं आवरलं तर गोडी वाढते.

मग प्रश्न उरतो तो ओळखण्याचा. झाडावरून काढलेलं कलिंगड पुढे गोड होत नाही. आंबा किंवा केळं आढीत पिकवता येतं, हे नाही. काढायची वेळ अचूक लागते. वेल ती स्वतः सांगतो. फळाच्या देठापाशी, त्याच पेरावर, एक वळणावळणाची बाळी असते. तिच्याकडे रोज बघावं. फळ कच्चं असेपर्यंत ती हिरवी, ताजी असते. फळ पिकत आलं की आधी टोकाकडून तपकिरी होते, आणि पुरती वाळून मुळापर्यंत कोरडी झाली की फळ तयार. लहान वाणाला परागणापासून महिनाभर ते पस्तीस दिवस लागतात. त्या दोऱ्याची तारीख इथे कामी येते. जमिनीवरच्या फळाचा मातीला टेकलेला भाग पांढऱ्याचा पिवळसर होतो, पण झोळीतल्या फळावर ही खूण पुसट राहते. बोटाने वाजवलं तर कच्चं फळ टणटण बोलतं, पिकलेलं डबडब. आवाजावर जाणती माणसंही कधी फसतात. मी स्वतः बाळीवर भरवसा ठेवतो.

कापल्यावर लाल गर तर संपतोच. त्याखालचा पांढरा भाग टाकू नये. 1914 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञांनी कलिंगडातून एक अमिनो आम्ल वेगळं केलं. पुढे त्याला कलिंगडाच्या वनस्पतिशास्त्रीय नावावरूनच सिट्रुलिन म्हटलं गेलं. आपल्या शरीरात त्यापासून आर्जिनिन तयार होतं, आणि त्यातून रक्तवाहिन्या सैलावणारं नायट्रिक ऑक्साइड. हे सिट्रुलिन सालीलगतच्या पांढऱ्या गरातही असतं. त्याची किसून केलेली धिरडी नाहीतर मोहरी-मिरचीच्या फोडणीची भाजी ज्यांच्या घरी होते त्यांना हे ठाऊक नसलं तरी त्यांचं काही अडत नाही.

बियांचं तेवढं लक्षात ठेवावं. संकरित वाणाचं बी धरून उपयोग नाही, पुढची फळं तशी येत नाहीत. शुगर बेबी मात्र सरळ वाण आहे, त्याचं बी धरता येतं, फक्त आसपास दुसरं कलिंगड फुललेलं नसावं. असेल तर आदल्या संध्याकाळी उमलू पाहणारी एक मादी आणि दोन नर कळ्या दोऱ्याने बांधून ठेवायच्या, सकाळी सोडून हाताने परागण करायचं आणि मादी फूल पुन्हा बांधायचं. त्या फळाचं बी शुद्ध राहतं. पूर्ण पिकलेल्या फळातलं बी धुऊन, सावलीत आठवडाभर वाळवून, घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवलं की चार-पाच वर्षं उगवतं. बरणीवर वाणाचं नाव आणि साल लिहून ठेवा. वेल काढून टाकल्यावर पिशवीत मूठ-दोन मूठ नवं शेणखत मिसळून जूनमध्ये पडवळ लावा, मांडव तयारच आहे.